हीटर नावाचा प्लग

मास्तरांच्या घरात फोनवरून चालू-बंद होणारे ते पांढरे प्लग आले नातीच्या हट्टापायी. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मास्तर विसराळू झाले होते. एकदा इस्त्री तापत ठेवून बाहेर गेले, आणि आजीच्या खोलीतला हीटर तर कधी बंदच होत नसे.

"आता मी आमच्या घरून लक्ष ठेवणार," नात म्हणाली. तिने बोर्डात एकेक प्लग खोचला, त्यात त्या त्या वस्तूची वायर लावली आणि फोनमध्ये प्रत्येकाला नाव दिलं. इस्त्री, दिवा, हीटर.

"दिवा लाव," तिने फोनला फर्मावलं. दिवा लागला.

"बघा," पलंगावरून आजी म्हणाली. नाकात नळी होती, बोलणं तुकड्यातुकड्यांनी येई. "जन्मभर सांगून सांगून... माझा घसा बसला. हा कसा... पहिल्या हाकेला उठतो."

"त्याचं अजून लग्न व्हायचंय," मास्तर म्हणाले.

पलंगाशेजारी आजीला ऑक्सिजन पुरवणारं यंत्र घरघरत होतं. त्याला मात्र नातीने हात लावला नाही. "याला प्लग नको हं आजोबा. हे कधीच बंद करायचं नाही." मास्तरांना बरं वाटलं. पोरीला पोच आहे.

थंडी सरली. एका सकाळी यंत्राच्या बोर्डातून चर्रचर्र आवाज यायला लागला. वायरमन म्हणाला, उद्या येतो. मास्तरांनी मग हीटरची वायर काढली आणि तिथे यंत्राची लावून बटण दाबलं. मधला पांढरा प्लग एव्हाना त्यांना भिंतीचाच भाग वाटायला लागला होता. यंत्र पुन्हा घरघरलं, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

आजीला डोळा लागत होता. तिने कानातलं ऐकायचं मशीन काढून उशाशी ठेवलं. "औषधं आणतो," मास्तरांनी खुणेने सांगितलं.

"फोन घ्या बरोबर," ती म्हणाली. पण मास्तर तो टेबलावरच विसरले.

औषधांच्या दुकानात गर्दी होती. परत येऊन दार उघडलं तर घरघर नव्हती. बारीक टीं टीं तेवढी चालू होती. यंत्र आपल्या परीने ओरडत होतं आणि ऐकणारं कुणी नव्हतं. आजीचा हात पलंगाखाली लोंबत होता, मुठीत नळी होती. मास्तरांनी तिला हाका मारल्या, हलवलं, यंत्राचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं.

टेबलावरचा फोन वाजला.

"किती वेळ लावतेय फोन! वेंधळे आजोबा, एवढ्या उकाड्यात हीटर चालू? मी इथूनच केला बंद. आता बक्षीस काय देणार?"

मास्तर म्हणाले, "बाळ, आईला दे फोन."

डॉक्टर येऊन गेले. करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढे नात आली, ती आजीच्या खोलीच्या उंबऱ्यावरच बसून राहिली. कुणी काही सांगितलं नव्हतं, पण यंत्राची वायर अजून त्याच प्लगमध्ये होती. तिला ते दिसलं होतं.

मास्तर गुडघे धरत तिच्याशेजारी बसले. वर्गात गणित चुकलं की ते म्हणत, चूक कुणाची ते राहू दे, कुठे झाली ते शोध. आजही त्यांनी तेच विचारलं. "कुठे चुकलं, सांग बघू."

"वस्तू बदलली," ती हळूच म्हणाली. "नाव तेच राहिलं."

"वस्तू कुणी बदलली?"

"तुम्ही."

"तुला सांगितलं होतं?"

"नाही." मग तिने मान वर केली. "पण बंद मी केलं."

खोटं बोलून तिला सोडवता आलं असतं. पण जे दोघांनाही दिसत होतं, ते पुसणार कसं?

"हो," मास्तर म्हणाले. "बंद तू केलंस. तिथे लावलं मी. ही चूक दोघांची आहे, तू एकटीने उचलायची नाहीस."

पोरीने मान हलवली नाही. गणित अडलेल्या मुलाजवळ थांबावं तसे मास्तर थांबून राहिले. खोलीत कसलाच आवाज नव्हता.