बटणं बरोबर होती

ऐतिहासिक चित्रपट काढणाऱ्यांना माहीत नव्हतं, पण त्यांचा काळ आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होता. बटणकाका. चाळीस वर्षं त्यांनी सैन्याचे गणवेश शिवले. त्यामुळे पडद्यावर लढाई सुरू झाली की आम्ही मुडदे मोजायचो आणि काका काजं. सहाशे वर्षांपूर्वीच्या राणीच्या पाठीला चेन दिसली, एखाद्या सरदाराला प्लास्टिकचं बटण दिसलं, की ते उठायचे, येरझारा घालायचे आणि वाहिनीला पत्र सांगायचे.

सांगायचे काका, लिहायचा त्यांचा भाडेकरू. काकांचं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून पळालेली कोंबडी. भाडेकरूचा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेला. त्याचं अक्षर मोत्यासारखं. रविवारी दुपारी वाहिनीवर प्रेक्षकांची पत्रं वाचत. काकांचा टीव्ही इमारतीत सगळ्यांत मोठा, म्हणून आम्ही सगळे तिथेच जमायचो. काकांचं पत्र हमखास असायचं आणि निवेदिका आधी म्हणायची, "काय सुंदर अक्षर!" काका खाकरायचे. भाडेकरू खिडकीबाहेर बघायचा.

अठ्ठावीस वर्षं तो भाडेकरू होता. घरात खोली एक, पलंग एक. मग भाडेकरू झोपतो कुठे, असं कोणी कधी विचारलं नाही. सभ्य वस्तीत असले प्रश्न विचारत नाहीत. उत्तर माहीत असलं तर मुळीच नाही.

मग ती मालिका आली. एक सेनापती आणि त्याचा लेखनिक. पहिल्या भागात बावीस मुंडकी उडाली. तळमजल्याच्या मावशींनी ती नातींना घास भरवत बघितली. सातव्या भागात सेनापतीनं लेखनिकाच्या हातावर हात ठेवला, "तुझ्याशिवाय मला हे राज्य नको," म्हणाला आणि त्याच्या कपाळावर ओठ टेकले. मावशींनी नातींचे डोळे झाकले. हात दोन, नाती तीन. मधलीनं सगळं बघितलं आणि विचारलं, "आजी, ह्याचं मुंडकं कधी उडणार?"

एरवी मालिका लागली की भाडेकरू पेंगायचा. त्या दिवशी टक्क जागा होता. पेन्सिलीला टोक करता करता त्याचा हात थांबला होता.

"ह्यांना चांगलं पत्र लिहू या," तो हळूच काकांना म्हणाला. "एकदाच. आणि बटणं बघितलीत? शिंगाची आहेत."

काकांच्या आधी मावशीच बोलल्या.

"निषेध करायचा! काका, तुम्हीच लिहा. तुमच्याइतका जाणकार दुसरा कोण? अख्खी इमारत सही करेल." मग, आपलं वाईट दिसायला नको म्हणून, भाडेकरूकडे वळल्या. "तुमचं काय मत?"

"त्याला कसलं आलंय मत?" काका म्हणाले. "तो नुसता लिहितो."

हशा झाला. मीही हसलो. वाक्य चांगलं होतं.

काकांनी येरझारा सुरू केल्या. "लिही. इतिहासात असे प्रकार नव्हते."

"नव्हते? का आपल्याला माहीत नाहीत?"

"नव्हते."

"एकही?"

काकांनी मावशींकडे बघितलं. "एकही नाही. लिही."

त्यानं लिहिलं.

"बटणांचं काय लिहू?"

"बटणं बरोबर होती."

"तसं लिहू?"

"नको."

सह्या झाल्या तेहतीस. "तुम्ही पण करा हो," मावशी भाडेकरूला म्हणाल्या. "तुम्ही काय परके आहात का?" त्यानं केली. चौतिसांत तेवढीच देखणी होती.

रविवारी निवेदिकेनं पत्र वाचलं आणि अक्षराचं कौतुक केलं. महिन्याभरानं मालिकेत एक हुजऱ्या आत आला, मुजरा करून म्हणाला, "सरकार, लेखनिकाची उत्तरेच्या किल्ल्यावर नेमणूक झाली." सेनापती म्हणाला, "बरं." पुढच्या भागात त्याचं लग्न ठरलं. मावशींनी मला टाळी दिली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, भाडेकरू मला जिन्यात भेटला. एका हातात ट्रंक, दुसऱ्यात ब्रशांचा डबा.

"कुठे निघालात?"

"उत्तरेच्या किल्ल्यावर. नेमणूक झाली."

मी पोट धरून हसलो. तो सभ्य माणूस. माझं हसणं संपेपर्यंत थांबला, मग गेला.

मागे मावशींचा पोपट मेला तेव्हा आम्ही दोन संध्याकाळ त्यांच्याजवळ बसलो होतो. चहा वरून जात होता, खाली कोणी चूल पेटवू दिली नव्हती. काकांकडे मात्र कोणी गेलं नाही. भाडेकरू गेला म्हणून कोणी कोणाचं सांत्वन करतं का? जिन्यात गाठ पडली तेव्हा मावशींनी धीर दिला, "मिळेल हो दुसरा. खोली हवेशीर आहे तुमची."

"हो, मिळेल," काका म्हणाले आणि शर्टाचं वरचं बटण लावू लागले. ते लावलेलंच होतं.

मालिका पुढे रटाळ झाली. "तो लेखनिक होता तोवर बरं होतं बाई," मावशीच म्हणाल्या. "निदान गोड बोलायचा तरी."

एका दुपारी काका माझ्या दारात उभे. हातात कोरा कागद.

"एक पत्र लिहून द्याल? वाहिनीला."

"मजकूर काय?"

"लेखनिकाला परत बोलवा. मागच्या पत्रातलं एक वाक्य खोटं होतं. ते मी सांगितलं, त्यानं नुसतं लिहिलं." त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "पत्ता ठेवला नाही हो त्यानं. पण असेल तिथे रविवारचा कार्यक्रम चुकवणार नाही."

इमारतीच्या सगळ्या सूचना मीच लिहितो. माझं अक्षर मावशी लांबून ओळखतात. चौतीस जणांत मलाही राहायचं होतं.

"माझं अक्षर फार वाईट आहे हो," मी म्हटलं.

काकांनी माझ्या दाराशेजारच्या फळ्याकडे बघितलं. पाण्याची वेळ, जिन्याची सफाई, सगळं माझ्या हातचं, स्वच्छ, ठळक. ते त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

"असू दे," म्हणाले.

शेवटी स्वतःच लिहिलं. चार दिवस लागले. बोटांची शाई रविवारपर्यंत गेली नव्हती.

रविवारी खोली नेहमीसारखी भरली. रिकामी खुर्ची एकच होती. तिच्यावर मावशींनी मधल्या नातीला बसवलं. काका टीव्हीच्या इतके जवळ बसले होते की आम्हाला अर्धाच पडदा दिसत होता.

निवेदिकेनं कागद उचलला. आडवा धरला, उलटा धरला, शेवटी गोड हसली.

"हे पत्र काही लागत नाही बाई. खाली सही... अरे, हे तर आपले नेहमीचे काका दिसतात! म्हणजे बटणांविषयीच असणार."

आणि दुसरं पत्र घेतलं.

"बटणं बरोबर होती," काका टीव्हीला म्हणाले.

"मग लिहिलंत कशाला?" मावशी म्हणाल्या. "आणि जरा बाजूला सरका, दिसत नाहीये."