अडलेली पाटी

हिमवादळानं पाच दिवस आम्हाला घरात कोंडलं. सहाव्या दिवशी, बुधवारी, ऊन पडलं तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती. दहा वाजता वृद्धांच्या केंद्राची व्हॅन यावी आणि तिनं सासूबाईंना चार वाजेपर्यंत घेऊन जावं. नवरा नोकरीला दूर सेन्दाई शहरात. म्हणजे पाच दिवस एक खोली, एक रॉकेलचा हीटर, मी आणि त्या. चहा कोमट आहे, टीव्हीचा आवाज वाढव, मित्सुयो, उसासा का टाकलास? माझं डोकं उठलं होतं.

व्हॅन यायची तर गल्ली मोकळी हवी. आमच्या आकितात, जपानच्या या बर्फाळ उत्तरेत, रस्त्याच्या कडेनं नाला असतो. जाळी उचलायची, बर्फ आत ढकलायचा, वाहतं पाणी तो घेऊन जातं. पण सगळ्यांनी एकदम टाकला की नाला तुंबतो, म्हणून प्रत्येक गल्लीची वेळ ठरलेली. आमची आठ ते नऊ. आठच्या ठोक्याला आमच्या गल्लीत फावडी चालू झाली आणि पंधरा मिनिटांत नाला तुंबला. गढूळ पाणी रस्त्यावर पसरायला लागलं. वर बघते तर वरच्या गल्लीतले नारिताकाका बर्फ टाकतायत, तोही खुशाल!

"काका, घरात घड्याळ आहे की नाही? ही आमची वेळ आहे!"

"तुमची कालपर्यंत होती. आजपासून वेळा बदलल्यात. पाटी वाचली नाहीस?"

"कुठली पाटी?"

"वॉर्डाची फिरती पाटी! रविवारी त्या वाऱ्यात मरत मरत तुमच्या दारात आणून दिली. सासूबाईंच्या हातात."

ही पाटी घरोघर फिरते. सूचना वाचायची, आपला शिक्का उमटवायचा, शेजारी द्यायची. आमचं घर गल्लीत पहिलं. आमच्याकडे अडली, तर पुढच्या नऊ घरांना काही कळत नाही.

मी तरातरा आत गेले. सासूबाई कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजाच्या, उबदार रजईत पाय घालून बसल्या होत्या.

"आई, पाटी कुठाय?"

त्यांनी बसायच्या गादीखालून काढून दिली. "ही होय? देणारच होते की."

"लपवली कशाला पण?"

"तू लगेच ती घेऊन शेजारच्या कामादाबाईकडे गेली असतीस. ती चहाला बसवते. तासभर मी एकटी. छप्पर कसं करकरत होतं, ऐकलंस ना?"

मी पाटी घेऊन बाहेर आले. कामादाबाई गमबुटात पाणी घेऊन उभ्याच होत्या. "अगं, पाटी कुणाकडे अडली?"

"माझ्याकडे. विसरले मी. माफ करा."

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं गाऱ्हाणं गल्लीत कुठे मांडायचं? नऊ दारांत मी माफी मागत कमरेत वाकले. "चालायचंच, मित्सुयो," असं सगळे म्हणाले, आणि ते चालणार नव्हतं हे आवाजातच कळत होतं. प्रत्येक दारात माझा नुसता जळफळाट होत होता.

दहाला व्हॅन आली आणि कोपऱ्यावरच थांबली. ड्रायव्हरनं काच खाली करून पाण्याकडे पाहिलं.

"ताई, गाडी घालता येणार नाही. आजींना यातून चालवत आणू नका. आता पुढच्या बुधवारी."

व्हॅन गेली. मी आत येऊन ओले मोजे कोपऱ्यात फेकले. सासूबाईंनी माझ्यासाठी चहा ओतून ठेवला होता, आणि तो कोमट होता.

"आई, मला आजचा एक दिवस हवा होता," मी म्हणाले. "तुमच्याशिवाय."

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या रजईची किनार चाचपत राहिल्या.

"माहीत आहे गं. तिथे वाईट नसतं. जेवण चांगलं असतं, गाणी म्हणतात. पण तीन वाजले की घड्याळ बघत मी एकच विचार करते. घरी पोचल्यावर तू दार उघडशील की नाही."

"काहीतरीच काय, आई," असं मी म्हणायला हवं होतं. पण गेल्या बुधवारी चार वाजता व्हॅन आली, सासूबाईंनी तीनदा बेल वाजवली, आणि मी स्वयंपाकघरात दिवा न लावता उभी होते.