डॉक्टर सोडून सगळ्यांना

बाकीची माणसं असलं दुखणं लपवतात. हेमराज ते सगळ्यांना सांगत सुटला होता, आणि त्याच्या बायकोचा, छायाचा, संताप नेमका त्यावरच होता. सौंसरच्या बाजारात त्याचं साड्यांचं दुकान. गिऱ्हाइकासमोर घडी मोडता मोडता तो संडासात रक्त पडतं म्हणून सांगायचा, आणि गिऱ्हाईक साडी घेवो न घेवो, इलाज मात्र देऊन जायचं.

शेजारच्या दुकानातल्या नत्थूजींनी तांब्याची अंगठी घालायला लावली. रामाकोन्याच्या एका बाईने मुळ्याचा रस सांगितला. पांढुर्ण्याहून कसलीशी पुडी आली. छायाने आठ दिवस सुरण शिजवलं. तिच्या हाताला खाज सुटली ती वेगळीच.

"एकडाव डॉक्टरले दाखवा ना," ती रोज म्हणे.

"मूळव्याधच हाये ते. आमच्या बापूजीलेबी होती."

"रक्त थांबलं काय पण?"

"कमी तर होऊन राह्यलं."

कमी होत नव्हतं. कपडे तीच धूत होती.

शनिवारी दुपारी तो वरच्या फळीवरचा गठ्ठा काढायला स्टुलावर चढला आणि धापा टाकत उतरून गादीवर बसला. ओठ पांढरेफटक. समोर बसलेल्या अंबाबाई म्हणाल्या, "उष्णता झाली. धण्याचं पाणी..."

"अंबाबाई, साडी उद्या घेजा," डबा घेऊन आलेली छाया म्हणाली. तिने शटर ओढलं आणि आटो थांबवला.

डॉक्टरीणबाईंनी पापणी खाली ओढून पाहिली, तपासलं, रक्त काढायला लावलं. हिमोग्लोबिन सात.

"कधीपासून आहे?"

"तीन हप्ते," हेमराज म्हणाला.

"दोन महिने," छाया म्हणाली.

"चक्कर?"

"आजच आली."

"चार दिवसांपासून जिन्यात मधातच थांबून राह्यले हे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला. "रक्त पहिल्यांदा दिसलं तेव्हाच यायचं असतं. तपासल्याशिवाय ती मूळव्याधच आहे, हे कोण सांगणार? आतड्यातल्या गाठीतूनही असंच रक्त जातं. आणि रक्त खूप जात असेल, थांबत नसेल, शौचाला काळं होत असेल, चक्कर किंवा धाप असेल, तर त्याच दिवशी यायचं. दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही."

त्याच संध्याकाळी त्याला नागपूरला नेलं. दोन बाटल्या रक्त चढलं, मग दुर्बिणीने तपास झाला. गाठ नव्हती. मूळव्याधच होती, रबराचे छोटे बँड लावून ती बांधली, आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.

"पाह्य, मी म्हणतच होतो," खाटेवर पडल्या पडल्या हेमराज म्हणाला.

तपासाचा निकाल येईपर्यंत छायाने चहाही घेतला नव्हता. तिने सगळे रिपोर्ट पिशवीत भरले. परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेरच बघत बसली. सावनेर मागे पडलं तेव्हा त्यानेच विचारलं, "काऊन बोलून नाई राह्यली?"

"तुमचं खरं निघालं म्हणून. खोटं निघालं असतं तर कोणाले विचारत होते? अंबाबाईले?"

 हेमराजने तिच्या मांडीवरची रिपोर्टांची पिशवी उचलून आपल्याकडे घेतली आणि सौंसर येईपर्यंत धरून ठेवली. छायाने खिडकीला डोकं टेकलं. राग गेला नव्हता, पण झोप येत होती.