पर्टिनॅक्सचा कान

केस मोकळे सोडून तपासणीच्या टेबलाशी बसायचं नाही, असा आमच्या नाण्यांच्या दुकानाच्या मालकांचा नियम. काट्यावर केस पडला तर वजन चुकतं म्हणे. एका केसाने कसलं डोंबलाचं वजन चुकतंय! पण मालकांशी वाद घालण्यापेक्षा अंबाडा घालणं सोपं. म्हणून त्या दुपारी मी भिंगावर वाकले तेव्हा माझे दोन्ही कान उघडे होते, आणि उजव्या हाताला बसलेल्या डॉक्टरांना त्यातला उजवा अगदी जवळून दिसत होता.

डॉक्टर आमचे जुने गिऱ्हाईक. उभी हयात लोकांच्या कानात, नाकात आणि घशात डोकावण्यात गेली. आता रोमन सम्राटांची नाणी जमवतात. नाणं दुर्मीळ आहे की नाही याचं त्यांना फारसं सोयरसुतक नसतं. त्यांना चेहरा लागतो. "नीरोची मान बघ," ते मला सांगायचे, "वर्षागणिक फुगत गेलीय. कोरणाऱ्याला ती झाकता आली असती, पण नीरोला तीच आवडत असणार." कॅराकॅलाची त्यांनी रांगच लावली होती. पहिल्या नाण्यावर गोबऱ्या गालांचं पोरगं आणि शेवटच्यावर कपाळाला ती भयंकर आठी. मधे या पोराचं काय झालं असेल, हे ते दर खेपेला नव्याने विचारायचे, जणू मी त्याची मावशी.

त्यांच्या रांगेत एक जागा कित्येक वर्षं रिकामी होती. पर्टिनॅक्स. म्हातारपणी गादीवर बसला, शिपायांना शिस्त लावायला गेला आणि जेमतेम तीन महिन्यांत त्याच शिपायांनी त्याला संपवला. एवढ्याशा कारकिर्दीत नाणी ती किती पडणार? आज ते नाणं माझ्या चिमट्यात होतं. ते आणणारा व्यापारी समोरच्या सोफ्यावर चहा पीत बसला होता. दुकानात आम्ही त्याला 'मधाचं बोट' म्हणायचो. अर्थात त्याच्या मागे.

नाणं देखणं होतं. वजन बरोबर. ओतलेल्या नक्कलेला कडेने बारीक शिवण राहते, ती नव्हती. म्हणजे ठसा कोरून, हातोड्याने मारलेलं. चांदी जुनी. अक्षरांच्या खाचांत बसलेला काळपटपणा ब्रशने हलत नव्हता. मला दोष काढायची खोड आहे, घरचे त्याला वाकडं तोंड म्हणतात, पण इथे बोट ठेवायला जागा नव्हती. दाढी बघितली, भुवई बघितली. मग भिंग जरा मागे सरकवलं आणि पर्टिनॅक्सचा कान दिसला.

माझ्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला जन्मापासून एक खाच आहे. उंदराने कुरतडल्यासारखी. भावंडं मला 'कुरतडी' म्हणायची. माझे वडील ठसे कोरायचे: शाळांची पदकं, संस्थापकांचे चेहरे, पैलवान, पुढारी. मी गणितं सोडवत त्यांच्या दिव्याशी बसायची आणि ते छिन्नी थांबवून म्हणायचे, "हलू नकोस, कान बघू दे." त्यांनी कोरलेल्या प्रत्येक पैलवानाला आणि प्रत्येक पुढाऱ्याला माझा कान आहे.

आणि आता पर्टिनॅक्सलाही होता.

मी चिमटा खाली ठेवला आणि हात मांडीवर घेतला.

"कान बघितलास?" डॉक्टर म्हणाले. ते स्वतःचं भिंग घेऊन जवळ सरकले होते. "अगं, कान म्हटला की बहुतेक कोरणारे उरकून टाकतात. आमच्या धंद्यातसुद्धा कानाला कुणी विचारत नाही, दुखेपर्यंत. आणि हा माणूस बघ, कानाशी थांबलाय. वरची ती खाचसुद्धा सोडली नाही. जीव होता त्याचा या म्हाताऱ्यावर."

बोलता बोलता त्यांनी चष्मा सारखा केला आणि मान वर उचलली. माझा हात अंबाड्याकडे गेला. मी काटा ओढला, केस कानावर पडले.

"बाई, केस," काउंटरवरून मालक म्हणाले.

"डोकं ठणकतंय."

"मग झाल्यावर सोडा. डॉक्टर खोळंबलेत. पास आहे ना?"

मी काय सांगणार होते? आमच्याकडे नुसती शंका चालत नाही. मागे एकदा मी "मन मानत नाही" म्हणाले होते, तेव्हा मालकांनी सगळ्यांदेखत सुनावलं होतं, की बाई, मनाची पावती फाडता येत नाही. कारण सांगा, नाहीतर पास करा. आणि या नाण्याला कारण एकच होतं. ते माझ्या डोक्याच्या उजव्या बाजूला होतं. खोटं म्हणायचं तर बाबांना समोर उभं करायचं. खरं म्हणायचं तर हा माणूस, जो मला इतकी वर्षं प्रत्येक चेहरा हौसेने दाखवत आला, तो माझ्याच शब्दावर फसणार.

मधाच्या बोटाने कप बशीत ठेवला.

"ताई," तो म्हणाला, "वडील कसे आहेत? हात अजून चालतो म्हणे त्यांचा. जपा हो त्यांना. या वयात दगदग सोसत नाही."

मी त्याच्याशी घरचं कधी एक अक्षर बोलले नव्हते. म्हणजे त्याने सगळं जोडून ठेवलं होतं. नाणं या दुकानात आणायचं, माझ्या टेबलावर ठेवायचं, आणि बापाला धरून देईल अशी मुलगी जगात नसते या भरवशावर चहा प्यायचा. बाहेरच्या एखाद्या तपासनिसाकडे त्याने ते नेलंच नसतं. माझा संताप मस्तकात गेला.

"डोळे धुऊन येते," मी म्हणाले.

मागच्या मोरीशी नळ सोडला आणि बाबांना फोन लावला. त्यांनी उचलला, तेव्हा मागे कानस घासल्याचा आवाज नुकता थांबला होता.

"बाबा, पर्टिनॅक्स कुणासाठी केलात?"

"प्रदर्शनासाठी म्हणाला तो," बाबा म्हणाले. "शाळांमधून फिरवणार होता."

"चांदी कुणी दिली?"

"त्यानेच. जुनी, झिजलेली नाणी घेऊन आला होता. तीच वितळवून तुकडा केला."

"प्रदर्शनाला जुनी चांदी कशाला लागते? विचारलं नाहीत?"

"विचारलं असतं तर काम गेलं असतं." त्यांचा आवाज बारीक झाला. "अगं, आता पदकं मशीन कापतं. माझ्याकडे कोण येतं? एक माणूस आला, म्हणाला, असा ठसा तुमच्याशिवाय कुणाला जमायचा नाही. मी हुरळलो. मला कळत होतं, बाळ. नव्हतं कळत असं नाही."

मला त्यांचा इतका राग आला की फोन भिंतीवर मारावासा वाटला. आणि त्याच वेळी त्यांना जेवलात का, हेही विचारावंसं वाटलं.

"मग माझा कान कशाला घातलात? दुसऱ्या कुणाचा घातला असता तर मला कळलंच नसतं. मी पास करून मोकळी झाले असते."

"मला दुसरा येतच नाही," बाबा म्हणाले.

मी नळ बंद केला. आरशात बघून केस वर ओढले, इतके घट्ट की कपाळाची कातडी ताणली गेली, आणि दोन काटे खोचले. बाबा अजून फोनवरच होते.

"तू खोटं बोलू नकोस," ते म्हणाले. मग म्हणाले, "मी घरीच आहे."

बाहेर आले तेव्हा मधाचं बोट पावतीची वाट बघत उभं होतं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी खुर्ची फिरवली, टेबलावरचा दिवा ओढून स्वतःच्या गालाजवळ आणला आणि नाण्यावरचा चेहरा ज्या दिशेला होता त्याच दिशेला तोंड करून बसले.

"डॉक्टर, भिंगातून आधी नाण्याचा कान बघा," मी म्हणाले. "मग माझा."

"ताई, हा काय पोरखेळ?" मधाचं बोट म्हणालं. आवाजातला मध मात्र पार आटला होता. "मालक, तुमच्या बाईंना सांभाळा. यांच्या वडिलांना मी ओळखतो. बोलायला लागलो तर महागात पडेल."

"मीच बोलते," मी म्हणाले. "नाणं खोटं आहे. ठसा माझ्या वडिलांनी कोरला. पदकांवरचे चेहरे कोरतात ते. याने करून घेतला."

मालक काउंटरमागून बाहेर आले, आधी त्यांनी दाराची कडी लावली आणि मग पोलिसांना फोन लावला. मधाचं बोट सोफ्यावर बसलं. बसलं कसलं, कोसळलं. मालक मला म्हणाले, "बाई, वडिलांचं नाव आणि पत्ता द्यावा लागेल. कळतंय ना?" मी मान हलवली नाही, कारण डॉक्टर माझ्या कानाशी भिंग धरून वाकले होते. तशीच बसून मी पत्ता सांगितला. मजला सांगितला. बेल चालत नाही, दार वाजवावं लागतं, हेही सांगितलं.

डॉक्टर पुन्हा नाण्याकडे वळले, पुन्हा माझ्याकडे आले. इतकी वर्षं रिकामी ठेवलेली ती जागा आता रिकामीच राहणार होती, आणि त्यांच्या तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं. तरी भिंग काही त्यांच्याने खाली ठेववेना.

"सगळ्यांना हाच द्यायचे?" त्यांनी हळूच विचारलं.

"सगळ्यांना," मी म्हणाले. "दुसरा येत नाही त्यांना." आणि मग मात्र मला रडू आवरलं नाही.