कसं फाटलं?

माझ्या भाचीने कंपनी काढली तेव्हा तिच्याकडे एक खोली, एक शिलाई मशीन आणि मी, एवढाच पसारा होता. मी गणवेशांच्या कारखान्यात तीस वर्षं काढून नुकतीच निवृत्त झाले होते. लोकांचे फाटके कपडे घरून आणायचे, दुरुस्त करून दोन दिवसांत घरपोच द्यायचे, हे आमचं काम. "आत्या, दिवसाला पाच आले तरी पुष्कळ," ती म्हणाली होती.

वर्षभरात दीडशे येऊ लागले. खोलीचा अख्खा मजला झाला, माणसं चाळीस झाली. रोज कुणीतरी नवं माणूस मला विचारायचं, "आजी, कुणाला भेटायचंय?" डबे उघडायचे आणि तसेच बंद व्हायचे. भाचीला केस विंचरायलाही फुरसत नसे. ती फोनवर बोलत असताना मीच तिची वेणी घालून द्यायची. तरी सकाळी जिना चढताना माझे गुडघे दुखायचं विसरत, हेही खरं.

गिऱ्हाइकं फोनवर जो फॉर्म भरायची, त्यातला शेवटचा प्रश्न माझा होता: कसं फाटलं? कारखान्यात हजार शर्ट एकसारखे, त्यांच्यात माणूस दिसायचा नाही. इथे लोक मोकळेपणाने लिहायचे. ते वाचल्याशिवाय मला सुई धरवत नसे.

कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या पोराला आम्ही घाईसाहेब म्हणायचो. तो म्हणाला, "आजी, या प्रश्नापाशी लोक अर्धा मिनिट अडकतात. सोमवारी काढून टाकतोय."

"काढ बाबा. मलाही त्याच्याबरोबरच काढ."

कपड्याला नंबराची चिंधी मी धावदोऱ्याने टाचायची, तीही त्याने बंद केली होती. त्याऐवजी झटपट चिकटणारे कागदी नंबर आणले.

गुरुवारी दुपारी इस्त्रीवाली किंचाळली. वाफ लागताच सगळे नंबर गळून पडले होते. एकशे सत्तेचाळीस कपडे, आणि कुठला कुणाचा, पत्ता नाही. पाच वाजता गाडी निघायची होती. भाची फरशीवरच बसली. "आत्या, कपडे भलत्याच घरी गेले, तर आपल्यावर पुन्हा कोण विश्वास ठेवेल?"

घाईसाहेबाचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी त्याला म्हटलं, "रडू नकोस. ते 'कसं फाटलं' वाच मोठ्याने."

"'मांजर पडद्यावरून थेट माझ्या खांद्यावर.'"

"चार ओरखडे, हिरवा झगा. तो बघ, खिडकीपाशी!"

"'सायकलची साखळी.'"

"उजव्या पायाला काळं ग्रीस. मीच धुतलंय."

"'मुलाखतीत खाली पडलेलं पेन उचलायला वाकलो आणि...' पुढे काही लिहिलंच नाही."

"पुढचं पँटच सांगतेय!" इस्त्रीवाली म्हणाली, आणि सगळा मजला खदखदून हसला. भाचीसुद्धा. मग तीच उठून कपडे हुडकायला लागली. हिशेब ठेवणारा आला, फोन घेणाऱ्या मुली आल्या. प्रत्येक कपडा शेवटी माझ्याच हातांखालून जायचा; रफू कुठे आणि टाका कसला, हे मी माझ्या हातांना विचारायची. हात विसरत नाहीत. मी दाखवेन तिथे ती मंडळी पळायची.

साडेचारला एकच उरला: राखाडी स्वेटर, दोन्ही विरलेली कोपरं रफू केलेली. कॉम्प्युटरच्या पडद्यावरही एकच फॉर्म उरला होता. नाव 'चाचणी', पत्ता आमचाच, आणि माझ्या प्रश्नापुढे काहीच नाही.

"हा चाचणी कोण रे?" मी विचारलं.

घाईसाहेबाने हळूच हात वर केला. "फॉर्मला किती वेळ लागतो, ते बघत होतो, आजी."

"मग उत्तर का नाही दिलंस?"

"वेळ गेला असता."

भाचीने स्वेटर मागे लपवला. "उत्तर लिहिल्याशिवाय मिळणार नाही."

सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. त्याने चांगलं मिनिटभर घेतलं आणि लिहिलं: 'वर्षभर याच टेबलावर कोपरं टेकून. मजा आली.'

पाचच्या आत गाडी निघाली. सोमवारी मी आले तेव्हा माझ्या टेबलावर चिंध्यांचा गठ्ठा आणि पांढऱ्या दोऱ्याची नवी रिळं होती. प्रश्न आपल्या जागी होता. फक्त उत्तराची चौकट घाईसाहेबाने दुप्पट मोठी केली होती.