प्रेमानंद टेलर्सचा मास्तर

प्रेमानंदचा बायकोवर जीव होता, पण तिच्या हातातल्या कलेवर मात्र तो मनापासून जळायचा. ती कला त्यानंच शिकवलेली, ही त्याची खरी पोटदुखी. लग्न होऊन धम्मशीला जानेफळला आली तेव्हा तिला धड सुईत दोरा ओवता येत नव्हता. आता पंधरा वर्षांनी पार सुलतानपूरहून बाया ब्लाउज शिवायला येत आणि पायरीवरूनच विचारत, "धम्मशीलाताई हायेत का?" वर पाटी 'प्रेमानंद टेलर्स'ची, पाटीखाली गळ्यात टेप घालून प्रेमानंद बसलेला, तरी विचारत. मग तोही कमी नव्हता. "कामात आहे," म्हणायचा आणि बायांना मुद्दाम ताटकळत ठेवायचा.

माणसं रेडीमेड घालायला लागली तशी त्याच्याकडे शर्ट-पँट शिवायला कुत्रंही फिरकेना. पानठेल्यावर कुणीतरी म्हणालं, "याचं दुकान बायकोच्या जिवावर चालते." झालं, गड्याचा तिळपापड झाला. बायकोपेक्षा मोठं काहीतरी करून दाखवायचंच, म्हणून त्यानं कर्ज काढलं, शेजारचा गाळा घेतला आणि रेडीमेड कपड्यांचं शोरूम थाटलं. कर्जाच्या कागदावर 'टेलर' लिहायची लाज वाटली, म्हणून ठसक्यात लिहिलं 'व्यापारी'. शोरूम दोन वर्षांत बुडालं.

शेवटी दिवाळखोरीचा अर्ज करायची पाळी आली. मेहकरच्या समता वकीलबाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं. गाळा जाणार, माल जाणार. पण कारागिराची पोटापाण्याची हत्यारं कोर्ट काढून घेत नाही. दुकानातल्या पाच मशिनी राहिल्या तर शिवणकाम चालेल, त्यातून घराचा हप्ता भरता येईल आणि दुकानामागचं घर वाचेल. मशिनी गेल्या तर घरही गेलंच म्हणून समजा.

"तुम्ही स्वतःला व्यापारी लिहून बसलात, भाऊ," वकीलबाई म्हणाल्या. "तुमच्या नावावर मशिनी वाचायच्या नाहीत. मशिनी ताईनं बचत गटाच्या कर्जातून घेतल्या, कर्ज फेडलंही तिनंच. कारागीर तीच आहे, एवढं जप्तीची यादी करायला येतील त्या साहेबांना तुमच्या तोंडानं सांगा. खोटं थोडंच आहे?"

हे शेवटचं वाक्य त्याला घर जाण्यापेक्षा जास्त झोंबलं. जानेफळला परतल्यावर तो दुकानाचं शटर उघडताना म्हणाला, "मी बी टेलरच आहो. मशिनी माह्याच हायेत म्हणून सांगतो."

"तुमची मर्जी," धम्मशीला म्हणाली. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

सोमवारी सकाळी कोर्टाचे साहेब आले. सुलतानपूरच्या कलाबाई मुलीच्या लग्नाच्या पांढऱ्या ब्लाउजचं कापड घेऊन तेव्हाच बसल्या होत्या. प्रेमानंद पुढे झाला. "साहेब, टेलर मीच. या मशिनी माह्या पोटाच्या हायेत."

"कागदावर तर व्यापारी आहात," साहेब म्हणाले. "बरं, काहीतरी कापून दाखवा."

प्रेमानंदनं कात्री उचलली आणि टेबलावरचं कापड पुढे ओढलं. कलाबाईंनी झटकन त्यावर हात ठेवला. "तुमी नोका कापू, भाऊ. पोरीच्या लग्नाचं हाय. ताईलेच कापू द्या."

प्रेमानंदच्या अंगाची लाही लाही झाली. साहेबांनी पेन काढलं आणि जप्तीच्या यादीत लिहिलं, शिलाई मशीन, नग पाच. मग धम्मशीलाकडे वळून विचारलं, "बाई, तुम्हीच सांगा. इथं कारागीर कोण?"

तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे एकवार पाहिलं. "मास्तर हेच," ती म्हणाली. "मले यायनंच शिकवलं."

किती वर्षांनी तो शब्द त्यानं तिच्या तोंडून ऐकला. छाती भरून आली, खोटं कशाला सांगा. पण क्षणभरच. मग त्याच्या ध्यानात आलं की आपल्या शब्दाखातर ही बाई राहतं घर सोडायला निघाली आहे. उद्या अख्खं जानेफळ म्हणेल, नवऱ्याच्या मानासाठी धम्मशीलानं घरावर पाणी सोडलं. म्हणजे शिवण्यात ती पुढे होतीच, आता मोठ्या मनातही तीच पुढे. हे मात्र त्याला सोसवेना. चांगुलपणानं नव्हे, निव्वळ जळफळाटानं त्याच्या तोंडून खरं बाहेर पडलं.

"खोटं बोलून राह्यली ते, साहेब. कारागीर तीच हाय. मशिनी तिच्या कमाईच्या, बचत गटाचं पुस्तक पाहा. माह्या हातात आता काई राह्यलं नाही."

साहेबांनी पुस्तक मागून घेतलं, पानं उलटली, यादीतली ओळ खोडली आणि प्रेमानंदकडून तसं लिहून घेतलं. त्यानं खाली सही केली. कलाबाई खाली मान घालून बसल्या होत्या.

"मग या दुकानात तुम्ही काय करता?" साहेबांनी विचारलं.

धम्मशीला काहीतरी बोलायला गेली. त्यानं तिला हातानंच थांबवलं. आता याही वेळी तिनं आपल्याला मोठं केलेलं त्याला नको होतं.

"तिच्या ब्लाउजांले हूक लावतो," प्रेमानंद म्हणाला.