गाळलेलं पाणी

“ए मानसिंग, हात चालव की! का गाय मेल्यावर पाणी थांबणार?”

भरतेशच्या आवाजानं फाटकाशी उभी असलेली आक्काताई दचकली. आपलं पोरगं ओरडतं, त्याचं तिला नवल नव्हतं. पण चड्डीत मुतायचा तेव्हापासून तो या माणसाला मानसिंगमामा म्हणायचा. आज मामा गेला आणि नुसता मानसिंग उरला, ते तिला लागलं.

गोठ्यातल्या गाईंसाठी या पाण्याच्या वाट्या मानसिंगनंच बसवल्या होत्या. गाईनं नाकानं पाती दाबली की पाणी यायचं, नाक काढलं की बंद. पण कोपऱ्यातली वाटी बंद व्हायचं नाव घेईना. आज बघू, उद्या बघू म्हणत भरतेशनं ते तसंच ठेवलं. पाणी झिरपून झिरपून शेणाचा चिखल झाला, आणि काल गाभण चांदणी त्यात घसरली. कमरेतनं गेली. डॉक्टर मान हलवून गेले. आता डेअरीची चार माणसं गोठ्यात उभी होती आणि भरतेशला खापर फोडायला एक डोकं हवं होतं.

आक्काताईला भीती होती, ती वेगळ्याच गोष्टीची. जैनाचं घर. न गाळलेलं पाणी माणसाच्या पोटात जाऊ द्यायचं नाही, तसं जनावराच्याही नाही. फडक्यावर राहिलेले बारीक जीव पुन्हा विहिरीत सोडायचे. सगळा जन्म तिनं जनावरांना असं गाळूनच पाजलं. वाट्या आल्या, त्यांना थेट टाकीतनं पाणी यायला लागलं, आणि तिच्या हातातली बादली गेली. “टाकीला हात लावायचा न्हाई, आई. न्हाईतर गोठ्यात पाऊल टाकू देणार न्हाई,” भरतेशनं बजावलं होतं. पण जन्माची सवय अशी सुटते होय? रोज पहाटे ती टाकीच्या पायऱ्या चढायची आणि आत पाणी सोडणाऱ्या नळाच्या तोंडाला नवऱ्याचं जुनं धोतर दुहेरी करून बांधायची. घरात तिला कोण विचारत होतं? गोठा तेवढा तिचा होता.

मानसिंगनं वाटीची झडप उघडली. पकडीच्या टोकानं रबराखालून काहीतरी ओढून काढलं आणि उजेडात धरलं. पांढरा धागा. पाण्यात कुजून विटलेला.

त्यानं धाग्याकडं पाहिलं आणि मग आक्काताईकडं. या घरचं त्याच धोतरानं गाळलेलं पाणी तो वर्षानुवर्षं पीत आला होता. ते धोतर त्याला ओळखू येणार नाही तर कुणाला?

आता बोलतोय, आक्काताईला वाटलं. मेले मी आता.

मानसिंगनं धागा मुठीत घेतला आणि भरतेशला म्हणाला, “वायसर गेलाय, अण्णा. बसवताना माझ्याच हातनं वाकडा बसला आसंल.”

“ऐकलं का?” भरतेश डेअरीवाल्यांकडं वळला. “वर तोंड करून सांगतोय! एका गाभण गाईचा जीव घेतलास गड्या. पुन्यांदा या फाटकात दिसू नगंस. गावात कुणाच्या गोठ्यात तुला उभा करून घेत्यात तेबी बघतो.”

एक शब्द. नुसतं ‘न्हाई रं, फडकं माझं हाय,’ एवढं म्हणायचं होतं. किडामुंगी चिरडू नये म्हणून जन्मभर खाली बघून चाललेली बाई, डोळ्यांदेखत माणूस चिरडला जात होता तरी खालीच बघत राहिली.

मानसिंगनं वाटी जोडली, हत्यारं पिशवीत भरली. फाटकाशी थांबून तो नेहमीसारखा म्हणाला, “आक्का, पाणी देता का?”

तिनं तांब्या आणला. तो प्याला. रिकामा तांब्या परत देताना त्यानं तो धागा तिच्या हातावर ठेवला.

“धोतार लय जुनं झालंया, आक्का. दुसरं फडकं घ्या.”

संध्याकाळी दिवस बुडायच्या आत जेवायचं म्हणून ती ताटावर बसली. पहिला घास मोडला आणि तसाच ठेवला. शेवटी बोललीच, “भरतेश, मानसिंगची चूक न्हाई. टाकीला फडकं मी बांधत हुते.”

भरतेशनं मान वर केली नाही. “ठाव हाय मला. सकाळी टाकी बघाया चढलो, तवाच बघितलं.”

“आणि तरी त्याला...?”

“मग काय, चार माणसांत तुझं नाव घिऊ? भरतेशच्या आईनं गाय मोडली म्हणून गावभर हसं करून घिऊ? मेकॅनिक काय, छप्पन्न मिळत्यात. जेव, दिवस बुडाया लागला बघ.”

तिनं ताट सारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती मानसिंगच्या दारात उभी राहिली. त्याची बायको राहीबाई गडबडली. “आवं आक्का, तुमी कशाला चालत आलासा? बसा की.”

मानसिंग आडावर तोंड धूत होता. आक्काताई उभ्यानंच बोलली, “मानसिंग, मी सांगितलं रं भरतेशला. पर त्याला आधीच ठाव हुतं.”

मानसिंगचा हात थांबला.

“आधीच ठाव हुतं?” त्यानं विचारलं. “मला वाटलं, पोराला खरंच माझी चूक वाटली. म्हणून बोलला. ते सोसलं हुतं, आक्का. हे कशाला सांगितलंसा?”

आक्काताईला रडू फुटलं. खरं बोललं की मन हलकं होतं म्हणतात. तिचं झालं नाही आणि त्याचं तर जड करून ठेवलं. “चल माझ्यासंगं,” ती म्हणाली, “सगळ्यांम्होरं सांगते.”

“न्हाई. त्या फाटकात आता न्हाई.”

राहीबाईनं पाण्याचा तांब्या आणला आणि मधेच थबकली. आक्काताई दुसऱ्याच्या घरी पाणी घेत नाही, हे गावाला ठाऊक होतं. “आमच्यात गाळत न्हाईत वो, आक्का.”

मानसिंगनं तिच्या हातातला तांब्या घेतला. दोरीवरचा धुतलेला पंचा काढला, दुहेरी केला, दुसऱ्या तांब्यावर धरला आणि सावकाश पाणी ओतलं. मग पंचा उलटा करून वर थोडं पाणी घालून तो आडात झटकला. हे तिनंच त्याला कधीतरी शिकवलं होतं.

“घ्या आक्का. गाळलंया.”

तिनं तांब्या धरला. ती प्याली, अर्धं पाणी लुगड्यावर सांडत राहिलं, आणि मानसिंग दुसरीकडं बघत उभा राहिला.